औषधाचे कॅन

खांडबाऱ्याच्या बाजारात काही दुकानदार मला ‘डबावाली बाई’ म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण माझ्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला आवडायचं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती सवय लावून घेतली. बाजाराला निघताना खांद्यावर दोन कापडी पिशव्या, हातात तेलाचा स्टीलचा डबा आणि मीठ-मसाल्यासाठी दोन-तीन जुन्या बरण्या. आमच्या घरामागून एक नाला जातो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या काठच्या बाभळींवर पातळ पिशव्या फडफडत असायच्या. आपल्या घरातून तरी त्यात भर पडू द्यायची नाही, असं मी ठरवलं. घेण्याआधी दोनदा विचार करायचा. नवं प्लास्टिक घरात आणायचं नाही आणि जुनं मिळत असेल तर जुनंच घ्यायचं. माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. सुरुवातीला त्यांनी माझी थट्टा केली, पुढे त्यांच्याही खिशात घडी घातलेली पिशवी दिसू लागली.

मी मूळची तापीकाठच्या प्रकाशा गावची. नोकरीने या डोंगरातल्या गावी आले आणि इथलीच झाले. गावातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखाली बाराखडी शिकल्या. अजूनही मी दारात गेले की त्या उठून उभ्या राहतात. त्यामुळे झालं असं की, मी डबा घेऊन बाजाराला जाते हे पाहून एकेक करत त्याही डबा घेऊन यायला लागल्या. मी कुणाला उपदेश केला नव्हता, पण त्यांनी विचारलं की सांगायचे. चांगलं वाटायचं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं.

माझी शेजारीण माझीच विद्यार्थिनी. घरात सासूशी इकडच्या आदिवासींची कोकणी बोलायची आणि माझ्याशी शाळेतली मराठी. नवरा सुरतेकडे कामाला, मुलगी आश्रमशाळेत, घरात त्या दोघीच. सासू-सुनेचं फार गूळपीठ नव्हतं, पण रविवारी प्रार्थनेला दोघी एकाच छत्रीखालून जायच्या.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधीचा बाजार होता. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तेव्हा सामान घेतात, म्हणून गर्दी होती. आम्ही सात-आठ जणी बरोबर गेलो होतो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक माणूस ताडपत्री पसरून बसला होता. ताडपत्रीवर पाच-पाच लिटरचे पांढरे कॅन होते. जाड, मजबूत, मूठ असलेले, घट्ट झाकणाचे. नवा कॅन परवडत नाही म्हणून शेजारीण तेल बाटलीत नेत असे आणि बाटली लवंडायची. ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

मी एक कॅन उचलला, झाकण उघडून आत पाहिलं, नाकाशी नेला. साबणाचा वास आला.

“कशाचे आहेत?” मी विचारलं.

तो माणूस शहाद्याकडचा असावा, अहिराणीतच बोलला. “औषधना शेतस, बाई. तीन दाव धोयेल शेतस. पानी भरा, तेल भरा, काहीच व्हत नही.”

औषधाचे. आमच्याकडे शेतकरी फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतो आणि दवाखान्यातल्या बाटलीलाही औषधच म्हणतो. मी जन्माने शेतकऱ्याची मुलगी, मला हे कळायला हवं होतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गुजरातेतला एखादा औषधांचा कारखाना आला, पांढरे कपडे घातलेली माणसं आली, खोकल्याचं सरबत आलं. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. पुन्हा विचारलं नाही.

मागे वळून मी बायकांना म्हटलं, “औषधाचे आहेत, म्हणजे स्वच्छच असतात. घ्या. नव्यापेक्षा बरे.”

सात कॅन गेले. मी प्रत्येकीला निवडून दिला. कुणाच्या झाकणाचा आटा बिघडला नाही ना, बुडाला चीर नाही ना, सगळं पाहिलं. शेजारणीच्या कॅनच्या बुडाजवळ डिंकाचा थर राहिला होता आणि त्याखाली लाल रंगाचा एक कोपरा दिसत होता. कंपनीची खूण असेल असं समजून मी तो तिच्या हातात ठेवला. मी स्वतः एकही घेतला नाही. माझ्याकडे स्टीलचा डबा होता.

घरी येऊन शेजारणीने तो राखेने घासला, सोडा घालून गरम पाण्याने विसळला आणि ते पाणी अंगणात ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तीन कोंबड्या धुण्याच्या दगडाजवळ मरून पडल्या होत्या. एकीची चोच उघडी होती आणि तिच्यातून फेस आला होता. “राणीखेतची साथ आली असेल,” ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. माझे यजमान मात्र बराच वेळ त्या कोंबड्यांकडे पाहत उभे होते. “राणीखेत आला तर एका जागी कशा मरतील?” ते म्हणाले. आम्ही दोघींनी त्यांचं बोलणं कानाआड केलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत घडलेल्या गोष्टी आज सांगताना एकापाठोपाठ एक ओळीत उभ्या राहतात. तेव्हा त्या सुट्या सुट्या होत्या.

शेजारणीचं डोकं दुखायला लागलं. सासूच्या तोंडातून झोपेत लाळ गळायला लागली, उशी ओली व्हायची. थंडी सुरू झाली होती आणि म्हातारीचे गुडघे धरायचे, म्हणून सून रोज सकाळी तिच्या पायांना तेल चोळून द्यायची. त्याच कॅनमधलं तेल. चोळल्यावर पायाचं मांस आतून उडतं, असं म्हातारी सांगायची. कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं कुणाची तरी नजर लागली. प्रार्थनेला आलेल्या पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

एके दुपारी मी तिच्याकडे जेवले. अंबाडीची भाजी होती आणि वरून लसणाची फोडणी. लसूण जरा जास्तच उग्र लागला, जिभेच्या मागे कडवट राहिला. केलेल्या भाजीला नाव कशाला ठेवायचं, म्हणून तशीच खाल्ली. घरी आले तर पोटात मुरडा आला आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. भर दुपारी मला घरात अंधार वाटायला लागला. बाहेर ऊन लखलखत होतं आणि मला मात्र सगळं संध्याकाळी दिसावं तसं दिसत होतं. मी उठून दिवा लावला.

“काय व्हई ऱ्हायनं तुले?” यजमानांनी विचारलं. “इतला उजेड शे नी दिवा लावस?”

“नंबर वाढला असेल चष्म्याचा,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि मी ते विसरले.

त्या जेवणानंतर चौथ्या दिवशी सकाळी शेजारणीची हाक आली. ती कधी ओरडत नाही, त्यामुळे हाक ऐकताच मी धावत गेले. म्हातारी ओट्यावर आडवी पडली होती. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून पाणी वाहत होतं, छातीत घरघर लागली होती. पायांचे स्नायू तिच्या इच्छेविना उडत होते, आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. नुकतंच तेल लावलेले पाय चकचकत होते.

रुग्णवाहिका आली. मी त्यांच्याबरोबर गेले. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने म्हातारीच्या पापण्या वर करून बॅटरी मारली आणि शेजारच्या नर्सला जवळ बोलावून दाखवलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिने भराभर इंजेक्शनं सांगितली आणि मग आमच्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, “घरात फवारणीचं औषध कुणी ठेवलं होतं? आजींनी प्यायलं का? की कुणी दिलं?”

“आमच्याकडे शेतीच नाही,” शेजारीण म्हणाली. “औषध कुठून येणार?”

औषध. तो शब्द माझ्या कानात शिरला आणि आत जाऊन बसला. बाजार, ताडपत्री, तो माणूस, सगळं एका क्षणात समोर आलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

विषबाधेचा संशय म्हटल्यावर पोलिसांना कळवावं लागतं. तासाभराने हवालदार आले. तोवर म्हातारीची लेक, म्हणजे शेजारणीची नणंद, बाजूच्या गावाहून पोचली होती. व्हरांड्यात हवालदारांनी विचारपूस सुरू केली. घरात कोण कोण असतं, सासूशी पटतं का, कधी भांडण झालं होतं का. नणंद भिंतीला टेकून बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “घरात दोघीच असतात. आईला रांधून हीच घालते.”

शेजारणीने दोन्ही हात पदराखाली घेतले. हवालदारांनी ते वहीत लिहून घेतलं की काय, मला दिसलं नाही, पण त्यांचं पेन हललं.

आणि मी, जिने सात कॅन निवडून दिले होते, मी उठून म्हटलं, “मी घरी जाऊन येते. हिचे कपडे आणते.”

हे खोटं होतं. कपडे कुणी मागितले नव्हते. मला आधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती, निदान वाटेत मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे कदाचित आपली चूक नसेल, या आशेने मी पळाले होते.

शेजारणीच्या घराला नुसती कडी होती. चुलीशेजारी फळीवर कॅन होता, निम्मा भरलेला. मी तो अंगणात उजेडात आणला आणि बुडाजवळचा डिंक नखाने खरवडला. लाल कोपऱ्याचा त्रिकोण झाला. असा लाल त्रिकोण मी भावाच्या पपईच्या शेतात कितीदा पाहिला होता. बांधावर पडलेल्या रिकाम्या कॅनवर, त्याच्या वर कवटीचं चित्र असायचं. इथे कवटी निघाली नाही, तेवढा कागद फाटून गेला होता. मी झाकण उघडून वास घेतला. लसणाचा वास होता. कॅनमधल्या तेलात लसूण कुणी घातला नव्हता.

यजमान माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. दवाखान्यात गप्प बसले तेही सांगितलं.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मंग आठे काय करी ऱ्हायनी? जाय, सांग तेस्ले.”

मी कॅन पोत्यात गुंडाळून दवाखान्यात नेला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरीण आणि हवालदार दोघांसमोर सांगितलं, की हा मीच घ्यायला लावला होता, तेल यातलंच होतं, स्वयंपाकाचंही आणि पायाला चोळायचंही. नणंद ऐकत होती. शेजारीणही ऐकत होती. डॉक्टरीणबाईंनी कॅन हातमोजा घालून उलटा केला आणि मुठीवर टिचकी मारली.

“ही मूठ पोकळ असते,” त्या म्हणाल्या. “औषध आत अडकून राहतं. पाण्याने कितीही विसळा, निघत नाही. तेल मात्र ते बाहेर ओढून काढतं.”

हवालदारांनी वहीतला कागद उलटला आणि नव्याने लिहायला घेतलं. मी शेजारणीकडे पाहायचं टाळत होते. तिने काही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ती जवळ आली आणि म्हणाली, “बाई, बाकीच्यांना सांगितलं का?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आणखी सहा आहेत.

म्हातारीला त्याच दुपारी नंदुरबारला हलवलं. मी गावात परतले आणि दिवस मावळायच्या आत दारोदार फिरले. एकीने कॅनमध्ये प्यायचं पाणी भरून ठेवलं होतं आणि वर उलटा पेला घातला होता. एकीने मोहाची फुलं भरली होती. एकीचा कॅन कोरा होता, सणाला तेल भरू म्हणून ठेवलेला. चौथीने नातवाच्या अंगाला लावायचं खोबरेल त्यात ओतणार होते म्हणून सांगितलं, आणि मी झाकण उघडून आत तेल नाही ना, ते पाहिलं. प्रत्येक दारात बायका उठून उभ्या राहिल्या. प्रत्येक दारात मला तेच सांगावं लागलं. मोहाची फुलं भरलेली होती तिने कॅन द्यायला नकार दिला. “चांगला आहे, बाई. तुम्हीच तर म्हणाला होता, नव्यापेक्षा बरा.” तिच्या हातातून तो अक्षरशः ओढून घ्यावा लागला.

सहावा कॅन एकीने डोंगरातल्या माहेरी दिला होता. तिच्या भावाने तो दुसऱ्या दिवशी आणून दिला. त्यात त्यांनी डिझेल ठेवलं होतं, म्हणून तो एक निर्धोक निघाला.

सातवा गावात नव्हता. तो घेणारी मुलगी नवरा आणि पोरगी घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला गेली होती. तिच्या नवऱ्याचा फोन बंद येत होता. मुकादमाचा लागला, तो म्हणाला, “टोळी पुढे सरकली. आज इथे, उद्या तिथे. निरोप देतो.” निरोप त्याने दिला की नाही, कळायला मार्ग नव्हता. यजमान रोज सकाळी फोन लावत आणि कानाला लावून उभे राहत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असे.

मधल्या दिवसांत आम्ही त्या विकणाऱ्याला शोधलं. खांडबाऱ्याच्या पुढच्या बाजारात त्याची जागा रिकामी होती. यजमानांच्या ओळखीच्या एका कंडक्टरने सांगितलं, तो खापरच्या बाजारालाही बसतो. आम्ही खापरला गेलो. तिथे तो होता, तीच ताडपत्री, तसेच पांढरे कॅन. माझ्या मनात त्याला काय काय बोलायचं ते गाडीत बसल्यापासून ठरलं होतं. समोर गेल्यावर मी फक्त म्हातारीचं सांगितलं.

त्याला समजायला वेळ लागला. “मी पपईवालास्कडथून लेस, मिरचीवालास्कडथून लेस,” तो म्हणाला. “त्या बांधवर फेकी देतस. मी धोस. बाई, मन्हा घर बी हाऊच डबा शे.” त्याने मागे हात घालून एक कॅन काढला, त्याच्या प्यायच्या पाण्याचा. आमच्यासमोर झाकणात पाणी ओतून घेऊन तो प्यायला, जणू त्याने काही सिद्ध होणार होतं. झाकण तोंडाशी नेताना त्याचा हात थरथरत होता. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. त्या थरथरीची त्याला सवय झालेली दिसत होती.

यजमानांनी त्याला दवाखान्यात जायला सांगितलं. त्याने मान डोलावली. आम्ही पोलिसांत सांगणार, हेही सांगितलं. त्यालाही त्याने मान डोलावली आणि ताडपत्री गुंडाळायला लागला. त्यानंतर तो आम्हाला कोणत्याही बाजारात दिसला नाही.

एक दिवस मुकादमाने पडावाचं ठिकाण सांगितलं. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने निघालो. नवापूर मागे पडलं, डोंगर संपले, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. बारडोलीला उतरून बाजारातून झाकणाची एक नवी स्टीलची कळशी घेतली आणि रिक्षा करून कॅनॉलच्या कडेने गेलो. पडाव म्हणजे उसाच्या पाचटाच्या आणि निळ्या प्लास्टिकच्या तीस-चाळीस खोपट्या. भर दुपार होती, मोठी माणसं सगळी फडात. एका खोपटीशी तिची सहा वर्षांची मुलगी बसली होती. तिने मला ओळखलं.

“बाई आल्या,” ती स्वतःशीच म्हणाली आणि घरात पाहुणा आला की करायचं असतं ते तिने केलं. आत गेली, दोन्ही हातांनी कॅन कलता करून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला.

मी तो हातात घेतला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं, बाहुल्या मोठ्या आहेत की बारीक, पण उन्हात काय कळणार. मी पाणी जमिनीवर ओतलं. तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, तिच्या हातचं मी प्यायले नाही.

तिची आई फडातून आली, डोक्याला फडकं बांधलेलं, हाताला पाचटाचे ओरखडे. मी कॅन बाजूला घेऊन कळशी पुढे केली तेव्हा तिने विचारलं, “यात काय होतं, बाई?”

“फवारणीचं औषध.”

ती कॅनकडे पाहत राहिली. मग पोरीला म्हणाली, जा, बापाला बोलव. मुलगी दूर गेल्यावर तिने मला सांगितलं. चौथा महिना होता, घरून निघताना तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी गर्भ फडातच पडला. मुकादमाच्या बायकोने सांगितलं, मोळ्या उचलून असं होतं. तिला तेच खरं वाटलं होतं.

“त्यानेच झालं का?” तिने विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

तिने पोर गेली त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाली, “सासरी सांगू नका. म्हणतील, हिनेच पाजलं.”

पुढे मी डॉक्टरीणबाईंना भेटून विचारलं. पाण्यात किती उतरलं असेल, कळेल का? सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. मूल त्याने गेलं असेल का? तेही सांगता येणार नाही. तेल असतं तर सांगितलं असतं. एवढ्या महिन्यांनंतरही माझ्याजवळ त्या दोन वाक्यांपलीकडे काही नाही. तिला सासरी बोल लागू नये म्हणून हे लिहिताना मी कुणाचंच नाव घातलेलं नाही.

म्हातारी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा बोलत होती, जेवत होती. पण पुढे हळूहळू तिच्या तळपायांतली शक्ती गेली. आता काठी टेकत अंगणापर्यंत येते आणि पाऊल उचलताना पंजा खाली लोंबतो. सून तिच्या पायांना अजून रोज तेल लावते. तेल आता बंद पिशवीतलं असतं. घेण्याआधी ती पिशवी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचते, ओठ हलवत, मी शाळेत शिकवलं होतं तसं.

राहता राहिले कॅन. तेलाचा तपासायला नेला, तो काही दिवसांनी परत दिला. सातही माझ्याकडे जमले आणि त्यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. ग्रामपंचायतीत विचारलं, त्यांनी कृषी सहायकाकडे पाठवलं. तो म्हणाला, भोकं पाडा आणि पाण्यापासून लांब पुरा. पण आमच्या गावात पाण्यापासून लांब अशी जागाच नाही. एकीकडे नाला आहे, दुसरीकडे विहीर आहे, वर डोंगरात झरा आहे. जाळले तर धूर साऱ्या गावावर. यजमानांनी तापवलेल्या सळईने एकेका कॅनला भोकं पाडली आणि ते परसातल्या जुन्या न्हाणीत ठेवून कुलूप लावलं. उन्हाळा लागला तशी तिथून जाताना नाकाला काहीतरी लागतं. यजमान म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

परवा दारात भंगारवाला आला. हा वेगळा, मोटारसायकलवर फिरणारा. “मावशी, तुमच्याकडे कॅन आहेत म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“साऱ्या गावाला माहीत आहे.”

“ते द्यायचे नाहीत. विषाचे आहेत. भोकं पाडली आहेत.”

“भोकं असली तरी चालतात,” तो म्हणाला. “आमच्याकडून पुढे कारखान्यात जातात. तिथे दळतात, वितळवतात, नवं करतात.”

“नवं काय करतात?”

“सगळंच. बादल्या, मग, पोरांची खेळणी.”

मी नाही म्हटलं. तो रागावला नाही, वाद घातला नाही. परसाकडे एकदा नजर टाकून त्याने गाडीला किक मारली आणि जाताना सांगितलं, पुढच्या बाजाराला परत येतो.